तापलेली डबी

माझ्या दुकानाच्या काउंटरवर बसलं की समोरच्या इमारतीचा लोखंडी जिना दिसतो. अरुंद आहे, वर जाताना डावीकडे वळतो. गेली सहा वर्षं मी त्या जिन्याकडे बघत धंदा केला. कोण चढलं, हातात लॅपटॉपची बॅग होती की नुसतीच पिशवी, किती वेळानं खाली आलं, येताना हसत होतं की कपाळाला आठ्या होत्या, हे सगळं मला तोंडपाठ. माझ्या बायकोला शेजारपाजारच्या घरातलं जेवढं माहीत नाही, तेवढं मला त्या जिन्यावरचं माहीत आहे.

जिन्याच्या वर शोभा बनसोडेचं दुकान आहे.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘तुमच्या कामाचे अनुभव लिहा’ असं सांगितलं, तेव्हा त्यांना वाटलं असणार की मी जुन्या कॉम्प्युटरच्या गमतीजमती लिहीन. त्या लिहिता येतील. पण खरं सांगायचं तर माझ्या कामाच्या शेवटच्या काही वर्षांत मी जर काही मनापासून केलं असेल तर तो हेवा. दुसरं काहीबाही लिहून पानं भरणं बरं वाटेना, म्हणून हेच लिहितो.

मी मल्लिनाथ. सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाइकं मला मल्लूअण्णा म्हणतात. मॉनिटर धान्याच्या डब्याएवढे असायचे, उचलायला दोन माणसं लागायची, तेव्हापासून मी या धंद्यात आहे. बोर्डावरचा जळालेला भाग मी वासावरून ओळखतो. ही बढाई नाही, बऱ्याच लोकांनी पाहिलेलं आहे.

शोभा माझ्याकडे नऊ वर्षं कामाला होती. आली तेव्हा तिशीची असेल. मुलगी शाळेत घातलेली, नवरा सूतगिरणीतली नोकरी गेल्यापासून मिळेल ते काम करायचा. मी तिला काउंटरवर बसवलं. आलेलं मशीन लिहून घ्यायचं, गिऱ्हाइकाची तक्रार काय ते विचारायचं, चिठ्ठी डकवायची आणि मशीन आत माझ्याकडे द्यायचं. हे काम ती इतकं नीट करायची की मी आत बसून चिठ्ठी वाचली की अर्धा दोष कळायचा. ‘गिऱ्हाईक म्हणतं बंद पडतो, पण विचारल्यावर म्हणाले की फक्त चार्जर लावल्यावर बंद पडतो’ असं ती लिहायची. मी ते वाचायचो आणि दोष मीच शोधला असं समजायचो.

नवीन माल आला की खोक्यात एक घडी घातलेला कागद असतो, कसं जोडायचं ते सांगणारा. आम्ही जुने लोक तो खोक्याबरोबर फेकून द्यायचो. शोभा तो पर्समध्ये घालून घरी न्यायची. एकदा मी हसून विचारलं, “काय रद्दी गोळा करायलीस?”

“वाचते की अण्णा. मुलगी अभ्यासाला बसली की मीबी बसते.”

तिनं दोनतीनदा मला विचारलं होतं, “अण्णा, मला एकदा खोलू द्या की एखादा लॅपटॉप. तुमी शेजारी बसा.” मी दरवेळी म्हणालो, “गिऱ्हाइकानं बघितलं तर काय म्हणंल?” गिऱ्हाइकानं काय म्हटलं असतं हे मला अजून ठाऊक नाही, कारण मी कधी बघू दिलंच नाही. मग एक दिवस तिनं सांगितलं की ती पुढच्या महिन्यापासून येणार नाही. मला वाटलं घरची काही अडचण असेल. पुढच्या महिन्यात समोरच्या जिन्याला पाटी लागली.

आता या धंद्यातलं एक काम बाहेरच्या माणसासाठी जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. लोक घरून काम करायला लागले तेव्हापासून एक नवी मागणी सुरू झाली. लॅपटॉपचा एक पडदा पुरत नाही, त्याला बाहेरून दोन, तीन मॉनिटर जोडून द्या. ऐकायला सोपं आहे. वायर घ्यायची, खुपसायची. पण जोडणी दोन तऱ्हेची असते. एकीत आरशासारखं तेच चित्र दुसऱ्या मॉनिटरवर दिसतं. दुसरीत टेबलाला फळी जोडून टेबल लांबवावं तशी जागा वाढते, या मॉनिटरवर एक काम आणि त्या मॉनिटरवर दुसरं. लोकांना हवी असते फळी आणि बहुतेक वेळा मिळतो आरसा.

दुसरी भानगड भोकांची. हल्लीच्या लॅपटॉपला बारीक लांबट भोक असतं, टाइप-सी म्हणतात ते. दिसायला सगळी सारखी. पण काहींतून चित्र बाहेर जातं, काहींतून नुसती वीज आणि माहिती जाते. शेजारी एवढीशी खूण कोरलेली असते, ती बघायची. आणि खूण असली तरी आतल्या चिपला किती मॉनिटर चालवायची ताकद दिली आहे हे त्या कंपनीनं आधीच ठरवलेलं असतं. ते कागदावर लिहिलेलं असतं. म्हणजे त्याच घडी घातलेल्या कागदावर.

पहिला चटका बसला तो साड्यांच्या दुकानात. नवी पेठेतले शिवशरणशेठ माझे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. त्यांनी काउंटरवर एक मॉनिटर स्वतःकडे आणि दुसरा गिऱ्हाइकाच्या बाजूला तोंड करून ठेवला होता, साड्यांचे फोटो दाखवायला. एक दिवस फोन आला, “अण्णा, माझी फाइल गायब झाली. सकाळी उघडली होती, आता कुठंच दिसंना झालीय.” मी हत्यारांची पेटी घेऊन गेलो. वायर हलवली, मॉनिटर बंदचालू केला, मग म्हणालो की केबल गेलीय, नवी आणतो. दुकानातून केबल घेऊन परत येईपर्यंत वीस मिनिटं गेली. आलो तर शेठ कपाळाला हात लावून हसत होते.

त्यांनी मधल्या वेळात शोभाला फोन केला होता. ती म्हणाली, शेठ, काउंटरच्या पलीकडं जाऊन दुसऱ्या मॉनिटरवर बघा. फाइल तिथं उघडी होती, सकाळपासून. शेठच्या थोरल्या मुलीचा लग्नासाठीचा बायोडाटा, फोटोसकट. साडी घ्यायला आलेल्या बायका दिवसभर तो वाचत होत्या. शोभानं फोनवरच दोन बटणं एकदम दाबायला सांगितली आणि सगळं जागच्या जागी आलं. शेठ म्हणाले, “अण्णा, एका बाईनं तर नातेवाइकाच्या मुलाचा नंबर लिहून दिलाय बघा.” आजूबाजूचे सगळे हसत होते. मी नवी केबल हातात धरून उभा होतो. मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही.

पुढं त्या नंबरावरूनच लग्न ठरलं आणि पत्रिकेबरोबर शेठनी शोभाच्या घरी साडी पाठवली हे मला शेठच्या नोकराकडून कळलं. मला पत्रिका आली. नुसती पत्रिका.

आता व्यंकटेशची गोष्ट.

अक्कलकोट रोडला नरसय्या म्हणून माझ्या वयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांचा चादरी आणि टॉवेल विणायचा कारखाना आहे. त्यांचा मुलगा व्यंकटेश डिझाइन करतो. पूर्वी हे काम चौकटीच्या कागदावर रंग भरून चालायचं, आता कॉम्प्युटरवर होतं. व्यंकटेशनं नवा, हलका, महागातला लॅपटॉप घेतला आणि मला बोलावलं. “अण्णा, बाहेरनं दोन मॉनिटर पाहिजेत. एकावर डिझाइनचा आलेख, दुसऱ्यावर गिऱ्हाइकानं पास केलेलं रंगाचं पान कायम उघडं. आणि लॅपटॉपच्या पडद्यावर बाकीचं. रंग समोर नसला की माझी चूक होतीय.”

एका टाइप-सी भोकात लावून त्यातून दोन मॉनिटरच्या एचडीएमआय वायरी काढता येतात असं हब मी लावलं. दोन्ही मॉनिटर उजळले. दोन्हीवर एकच चित्र. हब बदललं. एकच चित्र. केबल बदलल्या, मॉनिटर अदलाबदल केले. तीन तास मी त्या खोलीत होतो. पलीकडे मागांचा खडखडाट, इकडे मी घामाघूम. शेवटी मी म्हणालो, “व्यंकटेश, लॅपटॉपच खराब हाय. परत दे कंपनीला.”

दुसऱ्या दिवशी शोभा गेली. तिनं आधी लॅपटॉप उलटा करून मॉडेल नंबर वाचला, फोनवर काहीतरी शोधलं आणि सांगितलं की या चिपला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो, यात दोष काही नाही, बनवलंच तसं आहे. मग तिनं काडेपेटीपेक्षा जरा मोठी एक डबी आणली. त्या डबीत चित्र तयार करणारी स्वतःची चिप असते. लॅपटॉपमध्ये तिचा प्रोग्रॅम टाकायचा, परवानगी द्यायची, आणि दुसरा मॉनिटर त्या डबीवर चालतो. अर्ध्या तासात दोन मॉनिटरवर दोन वेगळी चित्रं. हे मला व्यंकटेशनंच सांगितलं, मोठ्या कौतुकानं. “अण्णा, ती वाचून काम करतीय हो.”

हे वाक्य माझ्या डोक्यात आठवडाभर फिरत राहिलं. आंघोळ करताना, भाजी घेताना. नऊ वर्षं माझ्या समोर बसून ती वाचत होती आणि मी तिला रद्दीवाली म्हणत होतो.

आठवड्यानं मी त्या बाजूला दुसऱ्या कामाला गेलो होतो. मुद्दाम व्यंकटेशच्या कारखान्यात शिरलो. मॉनिटर चालू होते, व्यंकटेश खुशीत होता. मी टेबलाखाली हात घातला आणि डबीला बोट लावलं. गरम होती. ती गरम होतेच. दिवसभर चित्र पुढं ढकलणारी वस्तू तेवढी तापणारच, त्यात काही वावगं नाही. हे मला माहीत होतं. तरी मी हात झटक्यात मागं घेतला, भाजल्यासारखा.

“अरे बाप रे. हात लावून बघ.”

व्यंकटेशनं हात लावला. “तापलीय की.”

“मी तुला सांगू नये खरं तर. दुसऱ्याच्या कामात बोलायची सवय न्हाई मला. पण एवढं तापणं बरं न्हाई. एखाद दिवशी लॅपटॉप घेऊन जाईल ही.”

एवढंच. चार वाक्यं. नंतर चहा घेतला आणि निघालो. येताना रस्त्यात मला हलकं वाटत होतं, हेही लिहितो.

व्यंकटेशनं त्याच दिवशी डबी काढून ठेवली. नवा लॅपटॉप, भीती वाटणारच. मग रंगाचं पान पुन्हा इतर खिडक्यांच्या मागं गेलं. त्यातच मोठ्या चादरींची एक ऑर्डर होती. गिऱ्हाइकानं काठाचा रंग आधी राणी सांगितला होता, नंतर बदलून मोरपंखी केला होता. व्यंकटेशनं घाईत जुनं पान उघडलं आणि राणी काठ मागावर गेला. पूर्ण लॉट विणून, कापून, घड्या घालून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. गिऱ्हाइकानं माल घेतला नाही. नरसय्यांनी आयुष्यात कधी ऑर्डर परत आलेली पाहिली नव्हती. ते दोन दिवस कारखान्यात फिरकले नाहीत म्हणे.

व्यंकटेशचा राग शोभावर निघाला. धोकादायक वस्तू लावून गेली, ती काढावी लागली, म्हणून चूक झाली. त्यानं डबी परत पाठवली आणि ओळखीच्या दोघातिघा कारखानदारांना सांगितलं. जिन्यावरची वर्दळ कमी झालेली मला काउंटरवरून दिसली. चार दिवस मी ते बघितलं. हवं होतं तेच होत होतं, आणि माझं कशात लक्ष लागत नव्हतं.

पाचव्या दिवशी दुपारी शोभा जिना उतरून सरळ माझ्या दुकानात आली. दुकान सोडून गेल्यापासून पहिल्यांदा. मी उठून उभा राहिलो. वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलायलाच पाहिजे. तिच्या हातात वही होती आणि एक थर्मामीटर. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो, काचेचा.

“अण्णा, एक विचारायचं होतं. रागावू नका.”

“बोल.”

“व्यंकटेशकडं ती डबी तुमी बघितली होती म्हणे. तुमाला नेमकं काय दिसलं? वास आला होता का? कुठल्या बाजूला जास्त तापली होती?” तिनं वही उघडली. “मी सकाळपास्नं दोन मॉनिटर लावून चालू ठेवलीय. दर तासाला बघून लिहितीय. कालबी दिवसभर ठेवली होती. मला तर कायच सापडंना. पण तुमी म्हणालात म्हंजी असणार काहीतरी. माझ्याकडनं काय राहिलं ते तेवढं सांगा.”

वहीत तासातासाचे आकडे होते. तिच्या त्याच अक्षरात, ज्या अक्षरात तिनं नऊ वर्षं माझ्यासाठी चिठ्ठ्या लिहिल्या.

ती माझ्यावर संशय घेऊन आली असती तर मी भांडलो असतो. भांडण मला जमतं. पण तिला माझा संशयच आला नव्हता. तिनं स्वतःचं काम दोन दिवस तपासलं होतं, कारण अण्णा चुकीचं बोलणार नाहीत.

मी म्हणालो, “असतं कधी कधी. वस्तूवस्तूत फरक असतो.”

“व्हय का,” ती म्हणाली. वही मिटली. “बघते अजून दोन दिवस लावून.” आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो जिना चढलो. सहा वर्षं नुसता बघितलेला, पहिल्यांदा चढलो. वर एक छोटी खोली, स्वच्छ. भिंतीवर वायरी लांबीप्रमाणे टांगलेल्या. टेबलावर दोन मॉनिटर चालू, मध्ये ती डबी आणि शेजारी थर्मामीटर. ती अजून तपासत होती.

“शोभा, ते बंद कर.”

“का अण्णा?”

“डबीत काय न्हाई. मी खोटं बोललो.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. बोटाचा झटका, चार वाक्यं, चहा, सगळं. कारणही सांगितलं. “तुला जमलं ते मला जमलं न्हाई. ते सहन झालं न्हाई मला.”

तिनं उठून मॉनिटर बंद केले, डबीची वायर काढली, गुंडाळली. थर्मामीटर त्याच्या नळीत घातला.

“मला सांगून काय उपयोग हाय अण्णा?” ती म्हणाली. “ज्याला खोटं सांगितलं त्याला सांगा. तिकडं जा.”

मी अक्कलकोट रोडला गेलो. व्यंकटेश मागांच्या मधोमध उभा होता, बापाबरोबर. ज्यांनी चालते यंत्रमाग पाहिले नाहीत त्यांना सांगतो, तिथं शेजारच्या माणसाच्या कानात ओरडावं लागतं. मी जवळ जाऊन म्हणालो, “व्यंकटेश, ती डबी चांगली होती.”

“काय?”

“डबी! चांगली होती!”

“ऐकू येईना झालंय अण्णा, जरा मोठ्यानं!”

मी सगळा जीव गोळा करून ओरडलो, “मी खोटं बोललो! डबीत काय खराबी नव्हती! मी जळून खोटं बोललो!”

नरसय्यांनी हात वर केला. जवळचे दोन माग थांबले, मग त्यापुढचे. कामगार बघायला लागले. मी पुन्हा तेच, या वेळी हळू आवाजात सांगितलं. व्यंकटेशचा चेहरा लाल झाला. तो काही बोलणार तेवढ्यात नरसय्या म्हणाले, “अण्णा, एवढा जुना माणूस तू. एवढ्याशा डबीला भ्यालास?”

त्यांनी माग चालू करायला सांगितलं आणि पाठ फिरवली. मी निघालो.

व्यंकटेशनं शोभाला फोन करून माफी मागितली, डबी परत बसवून घेतली. ज्या ज्या कारखानदारांना त्यानं आधी सांगितलं होतं त्यांनाही खरं सांगितलं, म्हणजे माझंही नाव सांगितलं. त्या भागातलं काम मला पुन्हा मिळालं नाही. मिळू नये असंच होतं. राणी काठाच्या चादरी पुढं गावोगावच्या बाजारात विकल्या गेल्या. मी दोन आणल्या. बायको म्हणाली, काठ छान आहे.

तीन महिने शोभा माझ्याशी बोलली नाही. मीही गेलो नाही. जिन्यावर वर्दळ पुन्हा वाढली, पहिल्यापेक्षा जास्त. तुम्हाला वाटेल आता माझा हेवा संपला असेल. मलाही तसं वाटलं होतं. एकदा एक मोठी गाडी येऊन थांबली, तिघंजण लॅपटॉप घेऊन वर गेले आणि ते किती वेळानं खाली येतात ते मी मोजत बसलो. फरक एवढाच की आता आपण हेव्यानं मोजतोय हे मला ओळखू येत होतं.

मग एका रविवारी सकाळी ती काउंटरवर आली आणि कसलीही प्रस्तावना न करता म्हणाली, “केमला जायचंय. येताय का?”

केम गावी एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांना तीन मुलं. थोरली मुलगी नागपूरला, एक मुलगा बंगळूरला, धाकटा परदेशात. रविवारी सगळे एकदम व्हिडिओ कॉलवर येतात. पण लॅपटॉपच्या पडद्यावर तिघं तीन चौकोनांत बारीक दिसायची आणि मास्तरांची आणि त्यांच्या पत्नीची, बाईंची, नजर अधू झालेली. मास्तरांचं म्हणणं, मला तीन मॉनिटर लावून द्या, एकेकावर एकेक मूल, पूर्ण मोठं. मुलगी नागपूरहून शोभाशी बोलली होती. कॉलच्या ॲपमध्ये तिन्ही चित्रं वेगळी काढायची सोय असते, ती शोभाला ठाऊक होती. दोन मॉनिटर ती नेणार होती. तिसरा मास्तरांकडे होता, जुना, निळ्या पिनेचा, म्हणजे ज्याच्या वायरीचं टोक निळं असतं तसला. त्यावर सगळं पिवळं दिसायचं. तिनं मला फोटो दाखवला.

“निळ्या पिनेच्या काळात मी काउंटरवर बसून होते,” ती म्हणाली. “मला हात लावू दिला न्हवता तुमी. म्हणून विचारायलेय.”

मी दुकान बंद केलं आणि आगगाडीनं तिच्याबरोबर केमला गेलो. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती, मी पेपर वाचत होतो.

मास्तरांच्या ओसरीत टेबल मांडून ठेवलं होतं. त्यावर धुतलेली चादर, मॉनिटरसाठी. शोभा लॅपटॉपकडे वळली. मी जुन्या मॉनिटरची वायर काढून उजेडात धरली. तिच्या तोंडात पंधरा बारीक पिना असतात. लाल, हिरवा, निळा, एकेका रंगाला एकेक पिन. चित्र पिवळं म्हणजे निळा रंग पोचत नाही. बघितलं तर तीच पिन आडवी झाली होती, कुणीतरी जोरात खुपसताना. मी खिशातलं पेन उघडलं, रिकामी रिफिल काढली, तिचं पोकळ टोक त्या पिनेवर चढवलं आणि अलगद सरळ केली. दोन मिनिटं. शोभा काम थांबवून बघत होती.

“परत दाखवा,” ती म्हणाली.

मी दुसरी पिन मुद्दाम किंचित वाकवून परत सरळ करून दाखवली. मग रिफिल तिच्या हातात दिली. “आता तू कर.” तिनं केली. पहिल्याच वेळी नीट केली. तेवढं मला बरं वाटलं नाही.

तिन्ही मॉनिटर लागले. तिनं कॉल जोडला, एकेक खिडकी ओढून एकेका मॉनिटरवर नेली आणि मोठी केली. डावीकडे मुलगी, मध्ये परदेशातला धाकटा, उजवीकडे बंगळूरचा. मास्तर आणि बाई खुर्च्यांवर बसले. बाईंना कुणाकडे बघावं कळेना. त्या सारख्या मान फिरवत होत्या. त्यांनी उठून धाकट्याच्या मॉनिटरवर, गालाच्या जागी, हात ठेवला. “केवढा वाळलास रे,” त्या म्हणाल्या. मुलगी नागपूरहून ओरडली, “आई, माझ्याकडं पण बघ की!” बंगळूरचा म्हणाला, “बाबा, तुम्ही दोघं कुठं बघताय? आम्हाला तुमचे कानच दिसतायत.”

लॅपटॉप कडेला होता आणि कॅमेरा लॅपटॉपला. मी पटकन मधला मॉनिटर मागं सरकवला, खाली शाळेची जुनी जाडजूड हजेरी पुस्तकं दिली, आणि लॅपटॉप त्याच्या पुढ्यात मधोमध आणला. आता मधल्या पडद्याकडे बघितलं की कॅमेऱ्यातही समोर दिसायचं. “आता दिसले!” तिघंही एकदम म्हणाले. मास्तर चष्मा काढून पुसायला लागले.

आम्ही बाजूला उभे होतो. कॉल तासभर चालला. नंतर मास्तर आम्हाला पोचवायला रस्त्यापर्यंत आले. शोभाला म्हणाले, “ताई, फार मोठं काम केलंत. आणि हा तुमचा माणूस पण हुशार आहे हो. जुना दिसतोय तुमच्याकडे.”

शोभा गडबडली. “न्हाई गुरुजी, हे…”

“व्हय,” मी म्हणालो. “मी ताईंच्या बरोबर असतो.”

म्हणून टाकलं खरं, पण स्टेशनपर्यंत मनात तेच घोळत होतं. तीसेक वर्षांचं दुकान, गल्लीत नाव, आणि मी कुणाचा तरी माणूस. गाडी यायला वेळ होता. तिनं डबा उघडला, दोन धपाटे माझ्यासमोर धरले. खाऊन झाल्यावर म्हणाली, “उद्या दुकान कवा उघडताय?”

“दहाला. का?”

“एक बोर्ड हाय. तीन दिवस झाले, सापडंना.”

दुसऱ्या दिवशी ती दहाला आली. बोर्ड टेबलावर ठेवला. तिनं काय काय तपासलं ते वहीतून वाचून दाखवलं. सगळं बरोबर तपासलं होतं. मी बोर्ड उचलून नाकाजवळ नेला, फिरवला, एका कोपऱ्यात थांबलो. भिंग लावून बघितलं. एक बारीकसा भाग खालून जळाला होता, वरून शाबूत दिसत होता. मी बोट ठेवून दाखवलं. ती वाकून बघत राहिली, मग हात पुढं करून म्हणाली, “सोल्डर गन द्या. मी काढते.”

बोर्डावरचे डाग वितळवायचं ते हत्यार मी तिला दिलं. तिनं माझ्या टेबलावर, माझ्या खुर्चीत बसून तो भाग काढला, नवा बसवला. मी स्टुलावर बसून होतो. दुकानात दोन गिऱ्हाइकं आली, त्यांनी बघितलं. कुणी काही म्हणालं नाही.

ती गेल्यावर दिवसभर मी खुशीत होतो. तिला तीन दिवस न सापडलेला दोष मला एका वासात सापडला होता. संध्याकाळी दुकान झाडताना त्या खुशीची लाज वाटली. थोडीच वाटली, पण वाटली.